नाथसागरातली पांढरी

जालन्याहून पैठणला जायचं, तर मी अंबड-पाचोडचाच रस्ता धरते. अंबडच्या मत्स्योदरी देवीची टेकडी मागे पडली की दोन्ही बाजूंना मोसंबीच्या बागा लागतात. मार्चमध्ये यातल्या काही बागा हिरव्यागार असतात, काही अर्धवट वाळलेल्या, आणि मधूनच एखाद्या शेतात मुळासकट उपटलेली झाडं बांधाला रचून ठेवलेली दिसतात. कुणाच्या विहिरीला पाणी आहे आणि कुणाची आटली, हे गाडीच्या खिडकीतूनही कळतं. पाचोडला पोचेपर्यंत जालना जिल्हा मागे पडलेला असतो. पुढे पैठणपर्यंत सगळं बोलणं एकाच गोष्टीभोवती फिरतं : धरणात किती टक्के पाणी आहे?

हा प्रश्न आम्हा जालनेकरांच्या घरातला आहे. आमच्या नळाला येणारं पाणी पैठणच्या धरणातून उचललेलं असतं. जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटर लांब. तो अंबड, घनसावंगी, परतूर भिजवत परभणीकडे जातो. जालना जिल्हा झाला १ मे १९८१ रोजी. धरण त्याच्याआधी पाच वर्षं पुरं झालं होतं. म्हणजे हा जिल्हा जन्मापासून या पाण्यावर वाढला आहे. तरीही धरणाची भिंत आणि ज्ञानेश्वर उद्यान सोडून पलीकडे काय आहे, हे आमच्यातल्या फार थोड्यांनी पाहिलं आहे. पलीकडे एक पक्षी अभयारण्य आहे आणि त्यात तीसेक बेटं आहेत. या खेपेला मला ती बेटं पाहायची होती.

धरणाबद्दल आधी थोडं सांगायला हवं. जायकवाडी हे गाव पैठणजवळचं नाही, ते बीड जिल्ह्यातलं. गोदावरीवर धरण बांधायचा पहिला विचार तिथं झाला, म्हणून योजनेला ते नाव पडलं. पुढे जागा बदलून पैठणला आली, नाव मात्र तेच राहिलं. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली, आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन. भिंत सुमारे १० किलोमीटर लांब, दरवाजे २७. भिंतीमागचं पाणी ५५ किलोमीटरपर्यंत मागे पसरतं आणि त्याची रुंदी काही ठिकाणी २७ किलोमीटरपर्यंत जाते. पैठण हे एकनाथांचं गाव, म्हणून जलाशयाला नाथसागर म्हणतात.

या सगळ्या आकड्यांत पक्ष्यांच्या कामाचा आकडा वेगळाच आहे. धरण पूर्ण भरलं की त्यात २,९०९ दशलक्ष घनमीटर पाणी मावतं, आणि ते पसरतं सुमारे ३५० चौरस किलोमीटरवर. भागाकार करून पाहा, सरासरी खोली जेमतेम आठ मीटर भरते. कोयनेसारखी डोंगरदरीतली धरणं खोल असतात. इथं गोदावरीचं खोरं सपाट, म्हणून पाणी खोल न जाता आडवं पसरलं. मैलच्या मैल उथळ काठ तयार झाला, आणि पाणी हातभर उतरलं तरी शेकडो एकर चिखल उघडा पडतो. ज्या पक्ष्यांचं पोट चिखलावर चालतं, त्यांच्यासाठी मराठवाड्याच्या कोरड्या माळात एवढी जागा दुसरीकडे नाही. १९३१-३२ मध्ये सालिम अलींनी निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली, तेव्हा मराठवाडा त्या संस्थानात होता आणि हे तळं नव्हतं. धरणाच्या उद्घाटनानंतर अकरा वर्षांच्या आत, १० ऑक्टोबर १९८६ रोजी, शासनाला त्यातलं ३४१ चौरस किलोमीटर क्षेत्र पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर करावं लागलं. पक्ष्यांनी जागा इतक्या लवकर हेरली होती.

वन विभागाची परवानगी काढून आम्ही सोनेवाडीच्या बाजूनं पाण्यावर गेलो. होडी कहार समाजातल्या एका मामांची होती. साठीच्या आसपासचे, हडकुळे, डोक्याला उपरणं गुंडाळलेलं. धरणावर मासेमारी करणारे बरेच जण थर्माकोलच्या चप्पूवर बसून जाळी टाकतात. ताडपत्रीत शिवलेला थर्माकोलचा चौकोनी ठोकळा, हातात छोटं वल्हं, आणि खाली एवढं पाणी. मामांचं अर्धं आयुष्य चप्पूवर गेलं होतं, आता मुलानं लाकडी होडी घेऊन दिली होती. वल्हं मारताना त्यांचे डोळे सतत पाण्यावर. रोहू, कटला, मरळ, वाम कुठल्या महिन्यात कुठं सापडते, हे ते सांगत होते.

सकाळी सात वाजता पाण्यावर धुकं नव्हतं, वाराही नव्हता. काठापासून थोडं आत गेल्यावर वारकरी पक्ष्यांचा काळा पट्टा दिसायला लागला. शेकड्यांनी होते. काळंभोर अंग, कपाळावर पांढरा टिळा. होडी जवळ आली की पाण्यावर पाय आपटत पळायचे आणि थोड्या अंतरावर पुन्हा बसायचे. त्यांच्या पलीकडे तलवार बदकांची रांग, शेपटीचं टोक वर करून मान पाण्यात. थापटे, चक्रवाकांच्या दोन जोड्या, उथळात लांब लाल पायांवर उभे शेकाटे. एका वठलेल्या बाभळीवर पाणकावळे पंख वाळवत बसले होते. ती बाभूळ कुणाच्या तरी बांधावरची होती. खाली पाण्यात अजून तो बांध आहे.

पट्टकादंब पाहायला मिळतील का, याची मला धास्ती होती, कारण मार्च लागला की ते परतीला निघतात. मिळाले. एका लांबट बेटाच्या कडेला पन्नास-साठ जण चरत होते. राखाडी हंसच म्हणा, पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे आडवे पट्टे. त्यांची वीण तिबेट, लडाख, मंगोलियाच्या तळ्यांवर. हिवाळ्यात ते हिमालय ओलांडून खाली उतरतात. सात हजार मीटरहून जास्त उंचीवरून उडताना त्यांची नोंद झालेली आहे. एवढा पल्ला मारून आलेला पक्षी पैठण तालुक्यातल्या हरभऱ्यात चरतो, आणि शेतकरी त्याला हाकलतो. शेतकऱ्याचंही चुकत नाही, त्याचा हरभरा रात्रीत खुडला जातो. कांड्या करकोच्यांचंही तेच. थवा उतरला की पिकाचं नुकसान ठरलेलं. यावर काय करावं, हे तिथल्या माणसांना विचारल्याशिवाय ठरवू नये, असं मला वाटतं.

रोहित दूरवर होते. दुर्बिणीतून गुलाबी कड असलेली एक पांढरी रेघ एवढंच दिसत होतं. जवळ जायचा हट्ट मी धरला नाही. ते चिखल ढवळून खात असतात, आणि होडी पाहून एकदा उठले की पुन्हा बसेपर्यंत त्यांचा वेळ वाया जातो.

ऊन चढायला लागलं तेव्हा मामांनी होडी एका उंचवट्याकडे वळवली. “ताई, हितं उतरू. हितं पाखराची अंडी नसत्यात, दगडं लई हायेत.” तरी उतरायच्या आधी त्यांनी होडीतूनच सगळी कड नजरेखालून घातली. बेट मोठं नव्हतं, पाच मिनिटांत फेरी व्हावी एवढंच. एका अंगाला वेड्या बाभळीचं खुरटं रान, बाकी मोकळं. पाय ठेवताच जाणवलं ते मातीचं वेगळेपण. काठावर सगळीकडे काळी चिकट माती होती, इथं फिकट, राखट, भुसभुशीत. आणि त्या मातीत खापरंच खापरं. रांजणाच्या जाड काठाचे तुकडे, कौलांचे तुकडे, विटांचे अर्धे. एका जागी जात्याची खालची तळी अर्धी रुतलेली, मधल्या भोकात शेवाळ वाळून कागदासारखं झालेलं. तिच्यावरच्या टाक्यांच्या खुणा बोटांना अजून लागत होत्या.

ही पांढरी होती. मराठवाड्यातल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही : शेताची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. पिढ्यानपिढ्या मातीची घरं पडतात, त्यांच्यावर नवी उठतात, राख, शेण, चुन्याची भर पडत जाते, आणि गावठाण शिवारापेक्षा पुरुषभर-दोन पुरुष उंच होतं. नदीकाठच्या गावांत पुराच्या भीतीनं वस्ती मुद्दाम उंचावर केलेली. धरणाचं पाणी चढत गेलं तेव्हा आधी काळी बुडाली, मग पांढरी. पाणी उतरतं तेव्हा पांढरी आधी वर येते. नाथसागरातली काही बेटं साध्या टेकड्यांचे माथे आहेत. पण काही बेटं म्हणजे गावं आहेत.

“आमचं गाव ह्येच,” मामा म्हणाले. मला वाटलं होतं ते कुठल्या तरी गावाबद्दल बोलत आहेत. ते ज्या जागी उभे होते त्या जागेबद्दल बोलत होते.

पाणी आलं तेव्हा ते आठ-दहा वर्षांचे होते. त्यांना आठवतं ते घरं मोडण्याचं काम. जाताना लोकांनी दारं, चौकटी, तुळया, पत्रे, सगळं काढून बैलगाड्यांत घातलं. भिंती मातीच्या, त्या सोडल्या. मारुतीला विधी करून हलवलं. आडाचं तोंड दगडांनी बुजवलं, कारण गुरं उशिरापर्यंत तिकडं चरत होती आणि आत पडायची भीती होती. मामांच्या घरच्यांची जमीन नव्हती. नदी हीच त्यांची मालमत्ता. पावसाळ्यात उतारू पलीकडे सोडायचे, हिवाळ्यात मासे धरायचे, उन्हाळ्यात पात्रातल्या वाळूत टरबूज-खरबुजाच्या वाड्या लावायच्या. यातल्या कशाचाही सातबारा नसतो. ज्यांची जमीन गेली त्यांना थोडाफार मोबदला मिळाला. वाळूतली वाडी गेली त्याचा मोबदला मागायचा तरी कुणाकडे?

गोदावरीच्या दोन्ही काठांची शंभराहून जास्त गावं या पाण्यानं बाधित झाली, पैठण, गंगापूर, नेवासा आणि शेवगाव या तालुक्यांतली. काही गावं थोडी वर सरकली, काही फुटून चार ठिकाणी गेली. कायगावची आता दोन नावं आहेत, जुने कायगाव आणि नवीन कायगाव. प्रवरा आणि गोदावरीच्या संगमावरचं टोक्याचं सिद्धेश्वराचं देऊळ पेशवाईतलं. ते आज या फुगवट्याच्या काठावर उभं आहे. त्याच्या कोरीव भिंतींजवळ उभं राहिलं की पूर्वीचा काठ कसा असेल, याची थोडी कल्पना येते. बाकी बहुतेक गावांचं काहीच उरलं नाही. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रानं केला तो १९७६ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी या धरणाचं उद्घाटन झालं त्याच वर्षी. देशात असा कायदा करण्यात आपलं राज्य पुढे होतं, याचा अभिमान जरूर धरावा. पण जायकवाडीची गावं त्या आधीच उठली होती, हेही त्याच दमात सांगायला हवं.

या काठाला वस्ती किती जुनी, याचा विचार त्या जात्यापाशी बसून मनात येत राहिला. पैठण म्हणजे प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्यानं लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये पैठणचं नाव आहे. भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर हे शहर, आणि इथून अकीकासारखे किमती खडे गाड्यांनी भडोचला जातात, असं तो सांगतो. हाल सातवाहनाच्या नावावर असलेली ‘गाथासप्तशती’ महाराष्ट्री प्राकृतातली. तिच्यात या गोदेचे काठ, तिथली शेतं आणि तिथल्या बायाबापड्या आहेत. नंतर चक्रधरस्वामी या गावात वावरले, एकनाथ इथं जन्मले आणि १५९९ मध्ये इथंच गोदेत देह ठेवते झाले. या मोठ्या नावांना ग्रंथ आहेत, समाध्या आहेत, फाल्गुनात नाथषष्ठीला लाखोंची गर्दी आहे. पण ज्या गावांनी या शहराला धान्य पुरवलं, त्यांची पांढरी आज वर्षातले सात-आठ महिने पाण्याखाली असते. हातातलं खापर कुठल्या शतकातलं, हे मला ओळखता येत नव्हतं. मी ते होतं तिथंच ठेवलं.

अशा बेटांचा जगात अभ्यास झालेला आहे. पनामा कालव्यासाठी चाग्रेस नदी अडवली आणि १९१३-१४ च्या सुमारास गातून नावाचं सरोवर भरलं. जंगलातल्या एका डोंगराचा माथा तेवढा पाण्यावर राहिला. तेच बारो कोलोराडो बेट, सुमारे १५ चौरस किलोमीटरचं. १९२३ मध्ये ते राखीव ठेवलं गेलं आणि पुढे अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेकडे आलं. आज उष्ण कटिबंधातल्या जंगलांबद्दल माणसाला जे कळलं आहे, त्यातलं बरंच या एका बेटावरून कळलं आहे. तिथं ५० हेक्टरांच्या तुकड्यात बोटाएवढ्या खोडापासून पुढचं प्रत्येक झाड मोजलेलं आहे, आणि १९८० च्या दशकापासून ती मोजणी ठरावीक वर्षांनी पुन्हा होते. बेट लहान पडल्यामुळे जंगलातल्या अनेक जातींचे पक्षी तिथून एकेक करून नाहीसे झाले, हेही त्याच नोंदींमुळे कळलं. गातूनच्या पाण्याखालीही गावं गेली. जुन्या रेल्वेच्या कडेची ती गावं होती.

आपल्याकडच्या बेटांची गोष्ट उलटी आहे. बारो कोलोराडोवर आधीपासून जंगल होतं आणि पाण्यानं ते तोडून वेगळं केलं. आपल्या पांढरीवर जंगल नव्हतं, माणसं होती. माणसं गेली आणि पाखरं आली. कोणत्या बेटावर कोणता पक्षी केव्हा घरटं करू लागला, पाणी किती उतरल्यावर कोणतं बेट काठाला चिकटतं, कुठल्या बेटावर कोणतं गाव होतं, या तीन गोष्टींची नोंद एकाच वहीत सलग पन्नास वर्षं ठेवली असती, तर ती वही जगानं वाचली असती. अजूनही उशीर झालेला नाही. मामांसारखी माणसं आहेत तोवर तरी नाही.

परतताना त्यांनी मला नदी सुरय दाखवली. वाटेत एक सपाट, उघडं, वाळू-गोट्यांचं बेट होतं. होडी बऱ्याच अंतरावर थांबवून ते म्हणाले, “आता दुर्बीन लावा, वर बगू नका, खाली बगा.” वर वीस-पंचवीस सुरया ओरडत घिरट्या घालत होत्या. पिवळी धमक चोच, काळी टोपी, कात्रीसारखी शेपटी. खाली पाहत राहिल्यावर काही वेळानं एक बसलेली दिसली. ती उठली तेव्हा तिच्याखालचा खळगा दिसला. काडी नाही, गवत नाही, मातीत अंगानं दाबून केलेली उथळ वाटी, आणि तीत दोन अंडी, राखट हिरवट, वर तपकिरी शिंतोडे. नजर क्षणभर हलवली की पुन्हा सापडेनात, इतकी ती गोट्यांत मिसळून गेलेली. नर आला, चोचीत चांदीसारखी मासोळी. मादीनं ती घेतली आणि पुन्हा बसली. थोड्या वेळानं ती पाण्याकडे उडाली, पोट पाण्याला टेकवून ओलं केलं आणि येऊन अंड्यांवर बसली. मराठवाड्यातल्या उन्हात उघड्या जमिनीवरची अंडी उबवायची कमी आणि थंड ठेवायची जास्त असतात. टिटवी आणि छोटी आर्लीही पोटाची पिसं अशीच भिजवून आणतात.

या पक्ष्यांनी बेट निवडलं ते पाण्याच्या भरवशावर. चहूबाजूंनी पाणी असलं की कोल्हा येत नाही, कुत्रं येत नाही, गुरं येत नाहीत. पण मार्चमध्ये जे बेट असतं, ते एप्रिलअखेर बेट राहीलच याची खात्री नाही. कालव्यांना पाणी सुटतं, उन्हानं वाफ होते, पातळी उतरते, आणि एखाद्या दिवशी मधला चिखल वाळून वाट तयार होते. मग एका रात्रीत वसाहतच्या वसाहत साफ होते. मामांनी हे अनेकदा पाहिलं आहे. “दोन कुत्री पुरत्यात,” ते म्हणाले. शिवाय पाणी उतरलं की गाळपेराची शेती सुरू होते. उघड्या पडलेल्या गाळात टरबूज, भाजीपाला, चाऱ्याची पिकं घेतली जातात. ही जमीन धरणग्रस्तांच्या हक्काची, तिथं पीक घेणाऱ्याला मी दोष देणार नाही. पण नांगर बेटापर्यंत नेऊ नये, एवढं ठरवता येण्यासारखं आहे. आणखी एक गोष्ट मात्र दोष देण्यासारखीच आहे. बेटाच्या कडेला टाकून दिलेल्या नायलॉन जाळ्याचा गुंता होता, त्यात एक वारकरी अडकून वाळून गेलेला. मामांनी होडी कडेला लावून जाळं उचललं आणि होडीत टाकलं. म्हणाले, असं दिसलं की आणतो, पोरांनाही सांगतो.

२०१७ मध्ये केंद्र सरकारनं अभयारण्याभोवतालचा पट्टा पर्यावरणाच्या दृष्टीनं संवेदनशील म्हणून अधिसूचित केला. आणि त्याच नाथसागरावर तरंगते सौरपट बसवून वीज करण्याची योजना पुढे आली. कहार समाजाच्या संघटनेनं तिला आधी हरित लवादात आणि मग सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं. २०२५ मध्ये न्यायालयानं याचिका फेटाळली. सूर्याची वीज हवी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मराठवाड्याइतकं ऊन कुणाकडे आहे? पण ज्यांनी एकदा नदी गमावली आणि मग धरणावर पोट भरायला शिकले, त्यांच्याशी बोलून, कुठलं पाणी पाखरांचं आणि कुठलं जाळ्यांचं हे त्यांच्याकडून समजून घेऊन मगच पट कुठं बसवायचे ते ठरावं. नकाशावर सगळं पाणी एकाच निळ्या रंगाचं दिसतं. मामांच्या डोक्यात त्या निळ्याचे वीस भाग आहेत.

आम्ही जालनेकर या सगळ्यात अलिप्त नाही. आमच्या शहरानं दुष्काळ पाहिले आहेत. २०१२-१३ मध्ये टँकरमागे धावणारी माणसं अजून डोळ्यांपुढे आहेत. अशा वर्षी धरणातला जिवंत साठा संपतो आणि ७३८ दशलक्ष घनमीटरच्या मृतसाठ्यातून पाणी उचलावं लागतं. ज्याला आम्ही मृतसाठा म्हणतो, त्यातच त्या उन्हाळ्यात मासे, सुरया, पाणकावळे तग धरून असतात. नाशिक-नगरच्या धरणांतून वरचं पाणी सोडायचं की नाही, यावर दर दोन-चार वर्षांनी भांडण होतं. २००५ च्या जलसंपत्ती नियमन कायद्यात समन्यायी वाटपाचं तत्त्व आलं, तेव्हापासून ते कोर्टापर्यंत जातं. त्या भांडणात शेतकरी असतो, कारखाना असतो, शहर असतं. मे महिन्यात अंडी बेटावर असताना पातळी किती झपाट्यानं उतरू द्यायची, हा मुद्दा त्या टेबलावर कधी ठेवलेला माझ्या वाचनात नाही. तो ठेवला पाहिजे. पाणी तेवढंच सोडायचं, फक्त तीन आठवडे सबुरीनं सोडायचं, एवढंच मागणं आहे, कारण सुरयेचं पिल्लू अंड्यातून बाहेर यायला साधारण तेवढाच काळ लागतो.

काठाला लागल्यावर मामांच्या सुनेनं चहा दिला. मी त्यांना गावातल्या घरांची नावं विचारली. त्यांनी बोटांवर मोजत एकेक सांगायला सुरुवात केली : वेशीपाशी कोण, मारुतीच्या पाराजवळ कोण, नदीच्या उतरणीला त्यांचं स्वतःचं घर, शेजारी परटाचं, वर पाटलाचा वाडा. सून चुलीपाशी थांबून ऐकत होती. तिनं हे पहिल्यांदाच ऐकलं होतं. आजोबांना कुणी विचारलंच नव्हतं, असं नातू म्हणाला, आणि त्यानं आपल्या शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर वेशीपासून उतारापर्यंत सगळं रेखाटून काढलं.

जालना, अंबड, पैठण, शेवगाव, गंगापूर इथल्या वाचकांकडे माझं मागणं आहे. तुमच्या घरी, शेजारी, सोयऱ्यांत बुडित गावातलं कुणी असेल, तर त्यांच्याकडून गावाचं नाव, गल्ल्या, आड, देवळं, पिकं लिहून घ्या. ही माणसं आता साठी-सत्तरीच्या पुढे गेली आहेत. आणि नाथसागरावर पक्षी पाहायला जायचं असेल, तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा. वन विभागाची परवानगी घ्या, स्थानिक कहाराची होडी घ्या, त्यांना ठरलेले पैसे द्या. मार्चपासून पहिला पाऊस पडेपर्यंत कुठल्याही उघड्या बेटावर पाय ठेवू नका, कुणाला ठेवू देऊ नका. अंडी पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत.